रिकामा फाटा

गेल्या हिवाळ्यात आमच्या मोटारसायकल क्लबाची बैठक मेहकरच्या बाहेर एका ढाब्याच्या शेडमध्ये भरली. उन्हाळ्यात हिमाचलात स्पितीला जायचं ठरलं होतं. त्या राइडमध्ये सगळ्यांत शेवटची गाडी कोणी चालवायची, एवढाच विषय उरला होता. क्लब सोडून गेलेल्या डोणगावच्या एका जुन्या गड्यानं निरोप पाठवला होता की घेत असाल तर येतो. इतकी वर्षं ताडपत्रीखाली पडलेली गाडी त्यानं पुन्हा बांधून काढली होती.

कॅप्टननं निरोप सांगितला. मग चिखलीचा एक जण म्हणाला, "नको भाऊ. ज्यानं घाटात माणूस मांगं टाकला, त्याच्या भरवशावर पहाडात जायचं काय?"

"गाडी चांगली चालवते पण तो."

"चालवते चांगली. मांगंच पाहत नाई."

सगळे हसले. कॅप्टन माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही होते त्या दिवशी. तुम्ही सांगा. तुम्ही हाव म्हणा, घेतो त्याले. नाई म्हणा, विषय संपला."

मी म्हणालो, "रविवारी सांगतो."

म्हातारा माणूस विचार करून बोलतो, असा त्यांनी अर्थ घेतला. खरं म्हणजे विचार करण्यासारखं काही नव्हतंच. डोणगावच्या त्या माणसानं कोणालाही मागे टाकलं नव्हतं. हे जगात एकट्या मला माहीत होतं, आणि मी ते कोणाला कळू दिलं नव्हतं.

आमची एक पद्धत आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. पंधरा-वीस गाड्या एकत्र निघाल्या की घाटात, गर्दीत त्यांची माळ तुटते. मागच्याला पुढचा दिसत नाही. म्हणून कॅप्टनच्या मागची गाडी प्रत्येक फाट्यावर थांबते. तो माणूस खाली उतरत नाही. ज्या रस्त्यानं वळायचं तिकडे हात करून उभा राहतो आणि शेवटची गाडी येईपर्यंत तिथून हलत नाही. पुढच्या फाट्यावर पुढचा माणूस. मोठ्या शहरांतल्या क्लबांत याला इंग्रजी नावं आहेत. आम्ही उभं राहणाऱ्याला खुंटा म्हणतो आणि शेवटच्या गाडीला शेपूट. शेपटाच्या मागे कोणी राहता कामा नये. कोणाची गाडी बंद पडली तर शेपूट त्याच्यापाशी थांबतं. आणि तिसरा नियम असा, की फाट्यावर खुंटा नसेल तर सरळ जायचं. वळायचं असतं तर तिथं माणूस असता.

हे नियम मी बसवले होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मी माझी जुनी साडेतीनशे सीसीची गाडी घेऊन या पोरांत सामील झालो. पोरं म्हणजे तिशी-चाळिशीतली माणसं. कोणाचं औषधाचं दुकान, कोणी शिक्षक, कोणी शेती करणारा. मला नोकरीतल्या शिस्तीची सवय होती. सुरुवातीला ते मला हसत. "काका, आम्ही काय मेंढरं हाओ काय, मोजून न्यायले?" पण एकदा लोणारहून येताना माळ तुटली आणि दोन गाड्या उलट्या दिशेनं जालना रस्त्याला लागल्या, तेव्हापासून नियम झाले आणि माझा मान वाढला.

डोणगावचा गडी आमचं कायमचं शेपूट होता. गावात त्याची भाजीपाल्याची रोपवाटिका आहे, मिरची, वांगी, टोमॅटोची रोपं विकतो. शेवटी राहणं कोणाला आवडत नाही. पुढच्या सगळ्यांची धूळ खावी लागते आणि वेग दुसऱ्याच्या हातात असतो. याला मात्र ते आवडायचं. "मले सगळे दिसतात बा तिथून," म्हणायचा.

त्या दिवसाच्या राइडला आम्ही काही वर्षांपूर्वी दिवाळीनंतर निघालो होतो. मेहकर, चिखली, बुलढाणा, आणि बोथ्याच्या घाटानं खाली खामगाव. सोबत एक नवे सर होते. पुण्याकडून मेहकरच्या कॉलेजात शिकवायला आले होते. गाडी नवी, जॅकेट नवं, पण हात सांभाळून होता. बुलढाण्यात चहा घेताना त्यांनी मला नियम पुन्हा विचारून घेतले. "काका, खुंटा नसेल तर सरळ, बरोबर ना?"

"डोळे झाकून सरळ," मी म्हणालो.

घाट उतरल्यावर एक फाटा लागतो. खामगावचा रस्ता तिथं उजवीकडे वळतो. सरळ दिसणारा रस्ता जास्त रुंद वाटतो, कारण तो जुना मुख्य रस्ता आहे. पण पुढे एका लहान धरणाच्या पाण्यात तो बुडाला आहे. वळण संपतं आणि एकदम उतार, गाळ आणि पाणी. माझी नोकरीच पाण्याखाली गेलेल्या अशा जमिनींच्या मोजणीत गेली होती. त्या रस्त्याची मला जितकी माहिती होती तितकी आमच्यात कोणाला नव्हती.

त्या फाट्यावर खुंटा मी होतो.

गाड्या एकामागून एक आल्या, मी हात करून वळवत गेलो. मग माळ तुटली. वर घाटात कोणाची तरी चेन उतरली होती आणि शेपूट त्याच्यापाशी थांबलं होतं, हे नंतर कळलं. मला एवढंच दिसत होतं की रस्ता रिकामा आहे. आणि मला लघवीला लागली होती.

हे लिहितानाही हात थांबतो. माझा लघवीचा त्रास तेव्हा वर्षभराचा होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि लांब गाडी चालवू नका म्हणून सांगितलं होतं. मी घरी अर्धंच सांगितलं आणि क्लबात काहीच सांगितलं नाही. कळलं असतं तर त्यांनी मला प्रेमानंच बाजूला बसवलं असतं. काका, आता तुम्ही उद्घाटनाला या, झेंडी दाखवा. त्या झेंडीची मला भीती होती.

फाट्यावरच कापूस वेचून आलेल्या बाया टेम्पोची वाट पाहत बसल्या होत्या. तिथं कुठे आडोसा नव्हता. थांबणं तर शक्यच नव्हतं. गाडी तिथंच ठेवून गेलो असतो तरी चाललं असतं. रिकामी गाडी पाहून मागून येणारा थांबला असता. पण तो थांबला असता तर काका कुठे गेले म्हणून शोधलं असतं, आणि मग सगळ्यांना कळलं असतं. म्हणून मी गाडी सुरू केली, उजवीकडच्या रस्त्यानं थोडा पुढे गेलो आणि तुरीच्या शेताकडे जाणाऱ्या गाडीवाटेत शिरलो.

ज्यांना हा आजार आहे त्यांना माहीत आहे, त्यात घाई करता येत नाही. मी तुरीत उभा होतो आणि फाट्याकडून एका गाडीचा आवाज आला. आवाज फाट्यापाशी हळू झाला, थोडा वेळ तसाच राहिला, मग पुन्हा वाढला. मी खामगावच्या रस्त्याला लागून होतो. गाडी वळली असती तर आवाज माझ्याजवळून जायला हवा होता. तो लांब लांब गेला.

मी तो ऐकला. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की वारा होता, टेम्पो असेल, ट्रॅक्टर असेल. तसं नव्हतं. मी तो ऐकला.

फाट्यावर परत येऊन हात करून उभा राहिलो तेव्हा टेम्पो बायांना घेऊन गेला होता. विचारायला कोणी नव्हतं. मग चेन उतरलेला गडी आला आणि वळून पुढे गेला. त्याच्या मागे शेपूट. त्यानं माझ्यापाशी गाडी थांबवली, हेल्मेटची काच वर केली.

"काका, सर गेले ना? मी चेनीपाशी थांबलो तवा ते एकटेच पुढं निघाले होते."

"गेले," मी म्हणालो. "सगळे गेले. चल."

त्या वेळी मला वाटलं, सर चुकले असतील तरी पाणी पाहून परत फिरतील. आपण बोललो तर इथं का नव्हता, हे सांगावं लागेल. एवढाच हिशोब होता.

खामगावच्या वेशीवर सगळे थांबले. कचोऱ्या मागवल्या आणि माणसं मोजली. सर नव्हते. फोन लागेना. सूर्य बुडायला आला होता.

कॅप्टन शेपटावर ओरडला. "तुह्या मांगं माणूस राह्यला कसा बे?"

"मांगं नव्हते ते. पुढं होते."

"पुढं होते तर कोठी गेले? दरीत गेले काय?"

या शब्दानंतर कोणी कचोरीला हात लावला नाही. सगळे परत घाटाकडे निघाले. तो अभयारण्याचा घाट. अंधार पडला की अस्वलं रस्त्यावर येतात. पोरं प्रत्येक वळणावर थांबून खाली विजेऱ्या मारत होती, हाका देत होती. डोणगावचा गडी तर एका ठिकाणी मोडका कठडा पाहून झुडपं धरत खाली उतरला. वर आला तेव्हा हात रक्तानं भरले होते. "नाई तिथं," म्हणाला आणि पुढच्या वळणाकडे पळाला.

मी त्यांच्याबरोबर विजेरी घेऊन फिरत होतो. सर कुठे आहेत हे मला माहीत होतं, आणि मी दरीत उजेड टाकत होतो. मी फाटा सोडला ही चूक होती, मान्य करतो. तिला नाव देता येतं. पण त्या घाटात विजेरी हलवत मी जे करत होतो त्याला काय नाव द्यावं, मला आजही कळत नाही.

शेवटी मी कॅप्टनला म्हणालो, "मला एक शंका येते. सरळच्या जुन्या रस्त्यानं पाहू या. नोकरीत पाहिलेला रस्ता आहे तो."

सर तिथंच सापडले. उतारावरच्या गाळात गाडी घसरून त्यांच्या पायावर पडली होती. कमरेपर्यंत थंड पाण्यात होते. ओरडून ओरडून आवाज गेला होता. आमचा उजेड पाहून ते रडायला लागले.

पुढच्या बैठकीत माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. काकांचा अंदाज नसता तर सर सकाळपर्यंत जगले नसते, असं कॅप्टन म्हणाला. पायात सळई घातलेले सर खुर्चीवर बसले होते. त्यांनी हळूच सांगितलं, "पण फाट्यावर कोणी नव्हतं. मी थांबून पाहिलं होतं."

"सर, काका तिथंच होते," चेन उतरलेला म्हणाला. "मी सोता पाह्यलं. नवीन माणसाले नाई ध्यानात येत."

सर माझ्याकडे पाहत राहिले. मी शालीची घडी नीट केली. ते म्हणाले, "असेल. माझंच लक्ष नसेल."

मग शेपटाची पाळी आली. तो म्हणाला, "मी काकाले ईचारलं होतं, सर गेले काय म्हणून."

कॅप्टननं मला विचारलं. मी म्हणालो, "नाही. हा हात दाखवून निघून गेला. थांबला नाही."

तो माझ्याकडे पाहायला लागला. त्याच्या नजरेत राग नव्हता. आठवून पाहणाऱ्या माणसासारखा तो गोंधळला होता. "काका म्हणतात तर तसंच असन," म्हणाला. त्यानंतर तो क्लबात आला नाही.

आणि आता त्याचा निरोप आला होता, आणि रविवार जवळ येत होता. शनिवारी सकाळी मी एसटीनं डोणगावला गेलो. गाडी चालवणं आता बंद आहे.

तो रोपवाटिकेत होता, मिरचीच्या ट्रेंना पाणी देत. मला पाहून त्यानं पाण्याचा पाइप खाली टाकला आणि हात पुसत आला. "काका! या ना, बसा. क्लबाचं काय झालं? घेतात काय मले?" चहा सांगायला तो घराकडे वळला, तेव्हा मी त्याला थांबवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तुरीचं शेत, आवाज, घाटातली विजेरी, सगळं.

पाइपमधलं पाणी वाफ्यातून वाहत होतं. मग तो म्हणाला, "म्हणजे मी ईचारलं होतं?"

"विचारलं होतंस."

"गाडी थांबवून?"

"काच वर करून."

"मले आता ते आठवतच नाई, काका. पहिले पहिले आठवे. मग वाटे, काका खोटं काऊन बोलतीन? मीच गेलो असन तसाच. आता मले डोळ्यासमोर तेच दिसते. मी हात दाखवून चाललो." त्यानं हात वर करून दाखवला, मी सांगितलं होतं अगदी तसा. "रस्त्यानं कोणी लंगडत जाताना दिसला का मी तोंड फिरवून घेतो. अन् तुम्ही..."

त्यानं बायकोला हाक मारली. ती ओल्या हातांनी बाहेर आली. "मले जे सांगतलं ते इले सांगा," तो म्हणाला. "इतके वर्ष हिचंही बोलणं आयकलं मी."

मी पुन्हा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं जास्त अवघड गेलं. ती पदराला हात पुसत ऐकत होती. माझं झाल्यावर तिनं विचारलं, "काका, मुतायले गेलो होतो, एवढं सांगाले इतके वर्ष लागले तुम्हाले?"

"लागले," मी म्हणालो.

"माह्या सासऱ्याले तोच आजार होता," ती म्हणाली. "गावभर सांगत फिरे. कोणी मान नाई कापली त्यायची."

तो म्हणाला, "पहिले सरायले सांगा. पाय त्यायचा मोडला. आत्ता सांगा, माह्यासमोर."

सरांची बदली होऊन ते दुसऱ्या जिल्ह्यात गेले होते. फोन त्यांनी लगेच उचलला, आवाज ओळखून आनंदलेही. मी त्यांनाही सगळं सांगितलं.

"म्हणजे तिथे कोणी नव्हतं," ते म्हणाले.

"नव्हतं, सर."

"मी थांबलो होतो काका. गाडी थांबवून दोन्हीकडे पाहिलं होतं. मग म्हटलं, नियम आहे, सरळ." पुढे म्हणाले, "घरी अजून मला म्हणतात, समोर उभा माणूस दिसत नाही आणि निघाले मोहिमेवर. मी डोळे तपासून घेतले होते त्या वेळी. माहितेय?"

मला माहीत नव्हतं. मी माफी मागितली. त्यांनी "ठीक आहे" म्हटलं नाही. "ठेवतो," म्हणाले, आणि ठेवला.

रविवारी मी शेडमध्ये उभा राहून तिसऱ्यांदा सांगितलं. डोणगावचा गडी आला होता, दाराशी उभा होता. माझं बोलणं संपलं. मग कॅप्टन उठला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ द्या काका. वय झालं का होते असं. जुनी गोष्ट हाय. काहून मनाले लावून घेता?"

दोघांतिघांनी माना हलवल्या. कोणी तरी खुर्ची पुढे केली. मला त्या क्षणी बसायचं होतं. आणि मी बसलो असतो तर ती गोष्ट तिथंच, माझ्या वयाच्या खात्यावर, मिटली असती. एका माणसाला त्यांनी वर्षानुवर्षं माफ केलं नव्हतं आणि मला चहा येण्याआधी माफ करत होते.

"जाऊ देऊ नका," मी म्हणालो. "मी सरांच्या पायाबद्दल खोटं बोललो आणि ह्याच्याबद्दल खोटं बोललो. तुम्ही ह्याला जे म्हणत होता, मांगं पाहत नाही, ते मला म्हणा. ह्याच्यासमोर."

कोणी म्हणालं नाही. चिखलीवाला उठून दाराशी गेला. "चुकलं भाऊ," एवढंच पुटपुटला. गड्यानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तो कॅप्टनला म्हणाला, "स्पितीले शेपूट कोण हाय?"

"तूच."

"मंग गाड्या दाखवा. कोणाची चेन ढिली हाय ते आत्ताच पाहून घेतो."

सगळे त्याच्यामागे बाहेर गेले. मी शेडमध्ये राहिलो. बाहेर तो एकेकाला झापत असल्याचा आवाज येत होता. "हे काय टायर हाय बे? ह्याच्यावर पहाड चढतं काय तू?" माझ्याशी तो बोलला नाही, त्या दिवशी नाही आणि निघाले त्या दिवशीही नाही. मला हे सगळं लिहून काढ, असंही कोणी सांगितलेलं नाही. पण क्लबातली निम्मी माणसं त्या बैठकीला नव्हती, आणि माझ्या सत्काराची गोष्ट अजून नव्या पोरांना सांगितली जाते. ती खोटी आहे.

ते स्पितीत असताना मी रोज फोन जवळ ठेवून बसायचो. मला कोणी फोन करेल असं कारण नव्हतं. एका संध्याकाळी आला. डोणगावच्या गड्याची बायको होती.

"काका, सगळे उतरले खाली. आत्ताच फोन आला. एक गाडी बर्फात अडकली होती वर, हे थांबले तिच्यापाशी दुपारपर्यंत. पण आले सगळे."

मी म्हणालो, "बरं झालं बाई सांगितलंस."

"त्यायनं नाई सांगतलं तुम्हाले कळवा म्हणून," ती म्हणाली. "मीच सांगून राह्यली. तब्येत पाहा." आणि फोन ठेवला.